दुसऱ्याने सोडलेले धावपटू

१९६४चा बेसबॉल हंगाम सुरू होण्यापूर्वी ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या अमेरिकी साप्ताहिकात एक छोटी जाहिरात आली. चौतीस वर्षांच्या एका पिचरला काम हवे होते. व्यावसायिक खेळाडू अशी जाहिरात देत नसतात. त्यांचे सौदे परस्पर, त्यांना न विचारताच होत असतात. जाहिरात देणाऱ्याचे नाव जिम ब्रॉसनन. आदल्या वर्षी तो शिकागो व्हाइट सॉक्सकडून चाळीसहून अधिक सामन्यांत उतरला होता आणि दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी तीनच्या आत होती. अशा पिचरला कोणीही ठेवून घेतले असते. अडचण एवढीच होती, की हा माणूस लिहीत असे. हंगाम चालू असताना संघाच्या परवानगीवाचून काही छापायचे नाही, असे बंधन त्याच्यावर होते. ते मान्य नाही म्हटल्यावर संघाने त्याला मोकळे केले. जाहिरात वाचून कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही. ब्रॉसननची खेळाडू म्हणून कारकीर्द तिथे संपली.

कागदावर ती कारकीर्द मध्यम दर्जाची आहे. शिकागो कब्ज, सेंट लुइस कार्डिनल्स, सिनसिनाटी रेड्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स असे चार संघ, नऊ हंगाम, ५५ विजय, ४७ पराभव, सरासरी ३.५४. असे शेकडो पिचर होऊन गेले. पण या माणसाने दोन पुस्तके लिहिली. ‘द लाँग सीझन’ १९६० साली आले आणि ‘पेनंट रेस’ १९६२ साली. अमेरिकी क्रीडासाहित्याच्या इतिहासात या पुस्तकांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, आणि ते वाक्य असे असते : जिम बाउटनच्या ‘बॉल फोर’ या खळबळजनक पुस्तकाची वाट ज्यांनी तयार केली ती ही सौम्य पुस्तके. मला हा निवाडा पटत नाही. मात्र तो न पटण्याचे माझे कारण मधल्या काळात एकदा बदलले. ते कसे बदलले हे सांगणे हाही या लेखाचा एक हेतू आहे.

आधी कामाविषयी. आपल्याकडे ज्यांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळला आहे (जळगाव-अमरावतीकडे तो पुष्कळ खेळला जातो) त्यांना पिचर म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की तो बेसबॉलमधला गोलंदाज. पण दोन टोकांनी आळीपाळीने षटके टाकण्याची सोय या खेळात नाही. डाव एकटा पिचरच टाकत राहतो. तो थकला किंवा मार खाऊ लागला, की मॅनेजर संथ चालीने मैदानात येतो, हात पुढे करतो आणि चेंडू मागून घेतो. त्या क्षणी जो गेला तो त्या सामन्यापुरता कायमचा गेला. क्रिकेटमधल्यासारखा दुसऱ्या हप्त्यासाठी तो परतू शकत नाही. त्याच्या जागी जो येतो तो रिलीफ पिचर. तो येतो बुलपेनमधून. मैदानाच्या कडेला, बहुधा कुंपणाजवळ, राखीव पिचरांनी बसण्याची आणि हात मोकळा करण्याची ही जागा. फोन वाजला की उठायचे, चेंडू टाकून खांदा गरम करायचा. बरेचदा तेवढ्यात मैदानावरचा पिचर सावरतो आणि पुन्हा बसायचे. एका संध्याकाळी असे दोनदा-तीनदा होऊ शकते. बुलपेनमध्ये टाकलेले हे चेंडू खांद्यातून तर जातात, पण धावफलकावर त्यांची नोंद नसते. बेसबॉलइतकी आकडेवारी दुसऱ्या कोणत्याही खेळाने जमवली नसेल, तरीही या कष्टांसाठी तिच्यात रकाना नाही.

याहून विलक्षण आहे ती धावांची हिशेबपद्धत. रिलीफ पिचर येतो तेव्हा बेसवर बहुधा कोणीतरी उभे असते. त्यांना तिथपर्यंत पोहोचू दिले ते आधीच्या पिचरने. नव्या पिचरच्या चेंडूवर त्यांतला एखादा घरी पोहोचला (बेसबॉलमध्ये शेवटच्या बेसला ‘होम’ म्हणतात, तेव्हा हे शब्दशः खरे आहे) तर ती धाव आधीच्या पिचरच्या नावावर लागते. म्हणजे चेंडू याचा, फटका याच्यावर, आणि डाग दुसऱ्याच्या सरासरीला. उलट याने दोन्ही धावपटू जागच्या जागी अडकवून ठेवले, तरी त्याच्या स्वतःच्या सरासरीत त्या कामगिरीचे चिन्ह दिसत नाही. इतर कोणत्या व्यवसायात जमाखर्च असा ठेवत असतील असे मला वाटत नाही. फार तर सरकारी कचेरीतल्या बदलीवर आलेल्या बाबूला ही स्थिती ओळखीची वाटेल.

या कामाला मोजमाप देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न केला तो शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन या वार्ताहराने. १९५९ साली पिट्सबर्गच्या रॉय फेसने रिलीफ पिचर म्हणून अठरा सामने जिंकले आणि एकच हरला. होल्ट्झमनला हा आकडा फसवा वाटला. हातातली आघाडी घालवायची, मग आपल्या फलंदाजांनी ती परत मिळवून दिली की विजय आपल्या नावावर, असेही त्यात घडलेले होते. म्हणून त्याने ‘सेव्ह’ ही कल्पना काढली. ढोबळमानाने, मिळालेली आघाडी शेवटपर्यंत टिकवून दाखवणाऱ्याला हे श्रेय. अधिकृत नोंदींत तिला जागा मिळाली ती १९६९ साली. ब्रॉसननच्या नावापुढे आज ६७ सेव्ह दिसतात. तो खेळत असताना अधिकृत हिशेबात त्यांतला एकही नव्हता. जुने धावफलक चाळून ते नंतर जमवले गेले.

‘द लाँग सीझन’ ही १९५९ची रोजनिशी आहे. तिची सुरुवात जानेवारीत होते. मैदानावर कोणी नाही. टपालाने आलेला करार आहे आणि पगारावरून संघाच्या जनरल मॅनेजरशी घासाघीस आहे. खेळावरचे पुस्तक इथून सुरू व्हावे, हीच त्या काळी नवी गोष्ट होती. मग फ्लोरिडातले सरावशिबिर, मग एप्रिल, मग १५४ सामन्यांचा तो लांबलचक हंगाम. जूनमध्ये सेंट लुइसने त्याला सिनसिनाटीला देऊन टाकले आणि बदल्यात दुसरा एक पिचर घेतला. आधीच्या वर्षीही त्याची अशीच अदलाबदल झाली होती. शिकागोने त्याला सेंट लुइसला दिले होते. त्या पहिल्या अनुभवावर त्याने ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’मध्ये लिहिले आणि तिथून पुस्तकाची वाट निघाली.

खेळाडूंची पुस्तके याआधी नव्हती असे नाही. क्रिस्टी मॅथ्यूसन या थोर पिचरचे ‘पिचिंग इन अ पिंच’ १९१२ सालीच आले होते. पण ते लिहिले होते जॉन व्हीलर या वार्ताहराने. आपल्याकडे अशा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘शब्दांकन’ असा प्रामाणिक शब्द आणि खाली एक नाव छापण्याची पद्धत आहे. अमेरिकेत ते नाव पुष्कळदा गाळले जाई. ब्रॉसननच्या पुस्तकाला शब्दांकन नव्हते. वाक्ये त्याची होती. हिवाळ्यात तो शिकागोतल्या एका जाहिरात संस्थेत काम करी, चष्मा लावी, प्रवासात पुस्तके वाची. सहकाऱ्यांनी त्याला ‘प्रोफेसर’ नाव ठेवले होते, आणि त्यात कौतुकाइतकाच संशय होता.

कल्पित साहित्यात मात्र पिचरला फार आधी आवाज मिळालेला होता. रिंग लार्डनरच्या ‘यू नो मी अल’ (१९१६) मधला जॅक कीफ हा पिचर मित्राला पत्रे लिहितो. तो बढाईखोर आहे, अडाणी आहे, त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांवर वाचक हसतो. मार्क हॅरिसच्या ‘द साउथपॉ’ (१९५३) मध्ये हेन्री विगन हा पिचर स्वतःची गोष्ट सांगतो. तो कीफपेक्षा पुष्कळ समंजस आहे, पण भाषा तशीच मोडकी-तोडकी. खेळाडूने लिहायचे ठरवले तर ते असे दिसेल, हा सुशिक्षित वाचकाचा समज या दोन्ही पुस्तकांनी घट्ट केला. दोन्ही लेखक मोठे आहेत, त्यात वाद नाही. परंतु त्यांच्या विनोदाचा एक धागा वाचक आणि लेखक यांच्यातल्या मूक करारावर उभा आहे : निवेदकाला जे कळत नाही ते आपल्याला कळते. ब्रॉसननने हा करार मोडला. त्याच्या पुस्तकात निवेदकाला वाचकापेक्षा जास्त कळते, आणि हे तो मुद्दाम जाणवू देत नाही. कीफच्या जागी स्वतःला बसवणाऱ्या खऱ्या पिचरने दिलेले हे उत्तर आहे, असे मी ते वाचतो.

त्याचे गद्य कोरडे आहे. संवाद भरपूर, आणि ते बुलपेनमधले, म्हणजे वेळ काढण्यासाठी बोललेले. प्रेक्षकांतली माणसे, पुढच्या गावाचे हॉटेल, कोणाचा खांदा कसा आहे, मॅनेजरला काय कळत नाही, असे विषय असतात. मग मध्येच फोन, आणि तीन-चार ओळींत एक डाव संपतो. पहिल्या वाचनात मला हे प्रमाण चुकलेले वाटले होते. ज्यासाठी पुस्तक हाती घ्यावे तो खेळ एवढासा, आणि गप्पा पानभर! पुढे लक्षात आले, की रिलीफ पिचरच्या आयुष्यातले प्रमाण हेच आहे. सामन्याचे अडीच तास बसायचे आणि वीस मिनिटे काम करायचे. ती वीस मिनिटेही रोज मिळतीलच असे नाही. सुरुवात करणाऱ्या पिचरला आपला दिवस माहीत असतो. त्याने हे पुस्तक लिहिले असते तर त्याला चढण-उतार असलेले प्रसंग लिहिता आले असते. रिलीफ पिचरला रोजनिशीच लिहावी लागते, कारण आज आपल्याला बोलावतील की नाही हे त्याला सकाळी ठाऊक नसते. रोजनिशीच्या लेखकालाही उद्याचे ठाऊक नसते. इथे रूपबंध निवडलेला नाही, कामाने तो लादला आहे. पुस्तकाचे मला वाटणारे मोठे बळ ते हेच.

शिवाय त्याने निवडलेला हंगाम. सेंट लुइस आणि सिनसिनाटी हे दोन्ही संघ १९५९ साली जिंकले त्याहून जास्त सामने हरले. ब्रॉसनन स्वतः सेंट लुइसमध्ये वाईट खेळला आणि सिनसिनाटीत चांगला : तिथे त्याने आठ सामने जिंकले, तीन गमावले. पण पुस्तकाला कळस नाही. सप्टेंबर येतो आणि सगळे घरी जातात. प्रकाशकीय शहाणपणाने पाहिले तर १९६१चा हंगाम लिहायला हवा होता, आणि तोही त्याने लिहिलाच. त्या वर्षी फ्रेड हचिन्सन या मॅनेजरच्या हाताखाली सिनसिनाटीने लीग जिंकली, ब्रॉसननने दहा सामने जिंकून चारच गमावले, आणि ‘पेनंट रेस’ हे पुस्तक झाले. ते अधिक वेगवान आहे, अधिक मजेदारही. तरी मी पुन्हा उघडतो ते पहिलेच. जिंकणाऱ्या संघाच्या गोष्टीला आपोआप दिशा मिळते; लेखकाला ती शोधावी लागत नाही. (हचिन्सनचे चित्र मात्र दुसऱ्या पुस्तकात अधिक भरते. हा धिप्पाड, तापट, पण खेळाडूंनी मनापासून मानलेला माणूस १९६४ साली कर्करोगाने गेला. सिएटल हे त्याचे गाव. तिथल्या प्रसिद्ध कर्करोग संशोधन केंद्राला त्याचे नाव आहे.)

सिएटलचे नाव आले तेव्हा बाउटनकडे वळतो. त्याची कहाणी उलट्या टोकाने सुरू होते. १९६३ साली न्यू यॉर्क यांकीजसाठी २१ विजय, १९६४ साली १८, आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन. चेंडू इतक्या जोराने टाकी, की त्याची टोपी डोक्यावरून उडे. मग १९६५ साली हात गेला. वेग गेल्यावर त्याने नकलबॉलचा आसरा घेतला. हा चेंडू बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ न फिरवता सोडायचा. तो हवेत डगमगत जातो आणि कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. १९६९ साली तो सिएटल पायलट्स या नव्या संघात रिलीफ पिचर म्हणून आला. पायलट्स एकच हंगाम जगले; पुढच्या वर्षी संघ उचलून मिलवॉकीला नेला गेला. बाउटनला तेवढेही राहता आले नाही. एप्रिलमध्ये त्याला खालच्या लीगमध्ये व्हँकूव्हरला पाठवले, परत बोलावले, आणि ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला देऊन टाकले. वर्षभर तो कागदाच्या कपट्यांवर टिपणे घेत होता, टेपवर बोलत होता, आणि लेनर्ड शेक्टर हा पत्रकार मित्र ते संपादित करत होता. १९७० साली ‘बॉल फोर’ प्रसिद्ध झाले.

दोन्ही शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत. ‘द लाँग सीझन’ नाव काळाच्या लांबीला दिले आहे. ‘बॉल फोर’ म्हणजे पिचरचा चौथा चुकीचा चेंडू, ज्यावर फलंदाजाला फुकट बेस मिळतो. एका पुस्तकात सहन करणे आहे, दुसऱ्यात चूक कबूल करून हसणे आहे. बाउटन जास्त हसवतो यात शंका नाही. मिकी मँटलसारख्या देवतुल्य खेळाडूचे मद्यपान, उत्तेजक गोळ्यांचा सर्रास वापर, प्रशिक्षकांचे परस्परविरोधी सल्ले, सगळे तो सांगून टाकतो. पगाराचे आकडे सांगतो, आणि मला वाटते त्याच्या काळी हेच सर्वांत स्फोटक होते. त्याचा स्वतःचा पगार होता बावीस हजार डॉलर. किमान पगार नुकता, १९६८ साली, मार्व्हिन मिलरच्या संघटनेने सहा हजारांवरून दहा हजारांवर नेला होता. कमिशनर बोवी कून याने बाउटनला बोलावून घेतले आणि पुस्तक खोटे असल्याच्या निवेदनावर सही करायला सांगितले. बाउटनने सही केली नाही.

एवढे धैर्य मान्य करूनही मला ‘बॉल फोर’मध्ये एक उणीव खटकते, आणि ती वाढत्या वयाबरोबर जास्त खटकू लागली आहे. खेळाडू हॉटेलच्या गच्चीवरून, खिडक्यांतून बायकांना चोरून पाहतात, त्याची वर्णने पुस्तकात आहेत. बाउटन ती धमाल म्हणून सांगतो. मालकांच्या ढोंगावर त्याची नजर इतकी तीक्ष्ण, पण खिडकीच्या आतल्या बाईला पुस्तकात आवाज तर नाहीच, अस्तित्वही नाही. भंडाफोड करणारा लेखक ज्यांच्यासमोर उभा असतो त्यांच्याविषयीच बहुधा निर्भीड असतो. बाकी ठिकाणी तो इतरांइतकाच आंधळा. ब्रॉसनन अशा गोष्टी सांगत नाही. ते सभ्यपण होते की सावधपण, हे ठरवणे अवघड आहे.

आता माझ्या बदललेल्या मताकडे येतो. बराच काळ मी असे मानत होतो, की लेखक म्हणून ब्रॉसनन श्रेष्ठ, पण साक्षीदार म्हणून कच्चा. याला कारण होते १९५९चे सेंट लुइस. त्या संघाचा मॅनेजर सॉली हेमस. ब्रॉसननचे त्याच्याशी जमले नाही हे पुस्तकातून स्पष्ट दिसते. पण त्याची तक्रार कामाची आहे : या माणसाला पिचर वापरता येत नाहीत. त्याच संघात त्या वर्षी बॉब गिब्सन हा तेविशीतला पिचर होता आणि कर्ट फ्लड हा एकवीस वर्षांचा सेंटर फील्डर होता. दोघे कृष्णवर्णीय. दोघांनीही पुढे आपापल्या आत्मकथनांत हेमसच्या वागणुकीतला वर्णद्वेष नोंदवला आहे. सरावशिबिर फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला होई. गोरे खेळाडू हॉटेलात उतरत, कृष्णवर्णीय खेळाडूंची सोय गावातल्या त्यांच्या वस्तीत वेगळी केली जाई. ‘द लाँग सीझन’ वाचून या दुसऱ्या अपमानाचे वजन कळत नाही. ज्या खोलीत तो बसून टिपणे घेत होता त्याच खोलीत हे घडत होते. उपरोध हे त्याचे हत्यार. पण उपरोधाने स्वतःवरचा घाव चुकवता येतो, शेजाऱ्यावरचा नाही.

दुसरा आक्षेप राखीव कलमाचा. त्या काळच्या करारात असे कलम असे, की करार संपला तरी खेळाडूवर हक्क संघाचाच. तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. संघ मात्र त्याला कोणालाही देऊ शकतो. ब्रॉसननची दोनदा अशी देवाणघेवाण झाली, पुढे १९६३ साली तिसऱ्यांदा. या अनुभवातली मानहानी त्याने फार बारकाईने टिपली आहे. बायकोला काय सांगायचे, भाड्याच्या घराचे काय, नव्या लॉकरसमोर पहिल्यांदा उभे राहायचे ते कसे, हे त्याला कळते. तरीही हे असे का असावे, हा प्रश्न तो नेटाने विचारत नाही. बाउटन विचारतो. म्हणून मी दोघांना क्रम लावून मोकळा झालो होतो.

फ्लडच्या खटल्याविषयी वाचताना हा क्रम बिघडला. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुइसने फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा हंगाम त्याने त्या संघासाठी काढले होते. २४ डिसेंबरला त्याने कमिशनर कूनला पत्र लिहून कळवले, की आपण कोणाच्या मर्जीने विकत घ्यायची-द्यायची मालमत्ता नाही. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळवणारा माणूस असे म्हणतो याचा अनेकांना राग आला. फ्लडने खटला भरला. १९७०च्या मे महिन्यात मॅनहॅटनच्या संघीय न्यायालयात सुनावणी सुरू झाली. त्या काळात खेळत असलेला एकही खेळाडू फ्लडच्या बाजूने साक्ष द्यायला आला नाही. बाकावर येऊन बसायलाही आला नाही. नोकरीची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. साक्षीला आले ते निवृत्त : जॅकी रॉबिन्सन, हँक ग्रीनबर्ग, एकेकाळचा संघमालक बिल व्हेक. आणि जिम ब्रॉसनन.

रॉबिन्सन तिथे असणे साहजिक होते. कृष्णवर्णीयांना बंद असलेले दार त्याने १९४७ साली उघडले होते. ग्रीनबर्ग ज्यू असल्यामुळे मैदानावर शिव्या खाल्लेला. या दोन नावांशेजारी ५५ विजय आणि ४७ पराभवांचा रिलीफ पिचर काय करत होता? मला वाटते, नेहमीचेच. दुसऱ्याने सुरू केलेल्या डावात, बेस भरलेले असताना, तो आत आला. राखीव कलमाने काय होते हे सांगायला त्याच्याजवळ स्वतःचा पुरावा होता. १९६४ची ती जाहिरात हाच त्याचा पुरावा. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्या संघात असून ज्याच्या दुःखाला त्याच्या पानांवर पुरेशी जागा मिळाली नव्हती, त्याच्यासाठी तो न्यायालयात उभा होता.

यामुळे पुस्तकातली उणीव भरून निघाली असे मी म्हणणार नाही. पुस्तक जसे आहे तसेच आहे. लेखकाच्या नंतरच्या वर्तनाने जुनी पाने बदलत नाहीत, आणि समीक्षेने तशी सवलत देऊही नये. परंतु त्या पानांतल्या संयमाचा अर्थ मी घाईने लावला होता, हे मला कबूल केले पाहिजे. गप्प बसणारा प्रत्येक जण मान्य करूनच गप्प बसलेला असतो, असे मी धरून चाललो होतो. आणि ब्रॉसनन खरोखर गप्प होता का? १९६४ साली तो केवळ ‘छापण्याची परवानगी मागणार नाही’ एवढ्यावर अडून बसला. राखीव कलमावर त्याने निबंध लिहिला नसेल, पण करारातल्या एका कलमासाठी त्याने नोकरी गमावली होती. ‘बॉल फोर’ लिहिताना बाउटनसमोरही धोका होता. ह्यूस्टनने त्याला १९७०च्या उन्हाळ्यात खाली पाठवले आणि तो बाहेर पडला. पण तोपर्यंत पुस्तक तुफान खपू लागले होते. ब्रॉसननच्या वेळी आधी कोणी पडून दाखवलेले नव्हते.

योगायोग असा, की कूनसमोर बाउटनची हजेरी आणि फ्लडच्या खटल्याची सुनावणी ही दोन्ही १९७०च्या मे-जूनमधली, आणि दोन्ही न्यू यॉर्कमधलीच. एका पुस्तकावर सही मागणारा कमिशनर आणि खटल्यातला मुख्य प्रतिवादी एकच. अमेरिकी क्रीडासमीक्षक ‘बॉल फोर’ला क्रांती म्हणतात तेव्हा ही जोडी त्यांच्या नजरेतून सुटते असे मला वाटते. खेळाडूने स्वतःच्या नावाने बोलावे की नाही, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात एकदा पुस्तकाच्या रूपाने आणि एकदा फिर्यादीच्या रूपाने मांडला गेला होता. पहिल्याचा निकाल वाचकांनी दिला. दुसऱ्याचा निकाल १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाचविरुद्ध तीन मतांनी दिला, आणि तो फ्लडच्या विरुद्ध गेला. राखीव कलम कोलमडले ते १९७५च्या डिसेंबरात, पीटर साइट्झ या लवादाच्या निर्णयाने; आणि तेही दोन पिचरांच्या, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या, प्रकरणात.

त्यानंतरचे फिरते पिचर वेगळ्या जगात राहतात. ऑक्टाव्हियो डोटेल तेरा संघांकडून खेळला, एडविन जॅक्सन चौदा. हे आकडे पाहून दया येण्याचे कारण नाही; त्यांतल्या बऱ्याच वेळा खेळाडूने स्वतः सही करून संघ निवडला. लिहिणारेही पुढे आले. डर्क हेहर्स्ट या रिलीफ पिचरचे ‘द बुलपेन गॉस्पेल्स’ २०१० साली आले, त्यात खालच्या लीगमधली उपासमार आणि ओशाळवाणे विनोद आहेत. वाचनीय आहे, मात्र बाउटनच्या सावलीत लिहिलेले आहे, हसू कुठे येणार हे लेखकाला आधीच माहीत असते. ब्रॉसननच्या पुस्तकात ते माहीत नसते.

बाउटनने १९७८ साली अटलांटाकडून पुनरागमन केले, एक सामना जिंकला, तीन हरला. तो २०१९ साली वारला, ब्रॉसनन त्याच्याआधी, २०१४च्या जूनमध्ये. फ्लड त्या दोघांच्याही कितीतरी आधी गेला होता, १९९७ साली, अवघ्या एकोणसाठाव्या वर्षी. १९७०च्या त्या सुनावणीनंतर तो काही काळ देश सोडून गेला होता. साक्ष देऊन ब्रॉसनन शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्हला आपल्या घरी परतला आणि पुढे मासिकांसाठी लिहीत राहिला.